आक्काची तोंडपाठ यादी

तेरच्या खाजगी मराठी शाळेत मला नोकरी लागली आणि मी खोली शोधत आक्काच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिनं माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, भाडं किती देणार तेही विचारलं नाही. ती अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि मिश्रीचं बोट दातांवर. ते बोट बाहेर काढून ती म्हणाली,

"मास्तर, जल्मताना डोकं आधी आलं का पाय?"

मी म्हणालो, मला आठवत नाही.

"तुमाला कसं आठवंल? आईनं सांगितलं न्हाय?"

"डोकं असावं."

"असावं म्हंजे? आईला पत्र घाला आन् इचारा. तवर ऱ्हावा."

मी खरंच पत्र घातलं. तीन आठवड्यांनी आईचं उत्तर आलं: 'डोकंच. पण हे कोण विचारतंय आणि कशाला?' ते मी आक्काला वाचून दाखवलं. तिनं समाधानानं मान हलवली आणि माझं बिऱ्हाड पक्कं झालं.

आक्का सुईण होती. तेरमध्ये आणि आसपासच्या दहा-पंधरा गावांत पस्तिशीच्या आतला जो माणूस दिसेल तो बहुतेक तिच्या हातचा. ज्याला तिनं जगात आणलं त्याला ती 'तू' म्हणायची, मग तो पाटील असो नाहीतर तहसिलातला कारकून. बाकी सगळ्या जगाला 'तुमी'. मी तिच्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी लहान, तरी शेवटपर्यंत 'तुमी मास्तर'च राहिलो. त्याचं मला वाईट वाटायचं.

माणूस कसा जन्मला यावरून तो पुढं कसा निघणार हे तिनं ठरवून टाकलेलं असे. पायाळू माणूस हट्टी. जुळ्यातला धाकटा चलाख, कारण त्याला आतमध्ये दाटीवाटीत राहायची सवय. नाळेचा वेढा पडून आलेला माणूस मानी, गळ्यापाशी काही आलेलं त्याला खपत नाही. आणि जो जन्मताना रडला नाही, त्याला पुढंही ढकलल्याशिवाय बोलता येत नाही. मी शिकलेला माणूस, मला हसू यायचं. पण वर्गातली मुलं मी हळूच तिच्या हिशेबानं ताडून बघू लागलो आणि दर वेळी तीच बरोबर निघाली, तेव्हा हसणं सोडून दिलं.

सकाळी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, ही खोलीची एकच अट. सोलापूरकडून चोरून आलेला अंक आठ दिवसांचा शिळा असे. ती जात्यावर बसायची, मी वाचायचो. मधेच खुंटा थांबवून ती म्हणायची, "थांबा. ह्यो जो कोन भाषन करतोय, त्याला आई हाय का?" मी म्हणायचो, पेपरात तसं दिलेलं नाही. "मग कशाचा पेपर," म्हणून जातं पुन्हा सुरू.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं. आमच्या पक्षावर बंदी होती. चार माणसं एका ओट्यावर बसली तरी पोलीस विचारत, काय चाललंय. पण सुईणीच्या दारात सात-आठ पुरुष काळजीच्या चेहऱ्यानं उभे असले तर कोण काय विचारणार? त्यामुळं आमच्या बैठका आक्काच्या घरी, भरदिवसा चालायच्या.

आमचे पुढारी म्हणजे अण्णा. सुतारकाम करायचे. पहिलवानी अंग, मिशा अशा की समोरच्याला आधी त्याच दिसाव्यात. एकदा बैठक रंगात आली असताना बाहेरून पोलीस जमादाराचा आवाज आला. मागच्या दाराशी त्याचा शिपाई, आणि अण्णांच्या नावाचं वॉरंट निघालेलं. आक्कानं एका क्षणात अण्णांना आतल्या खोलीत बाजेवर पाडलं, वर दोन वाकळा टाकल्या आणि म्हणाली, "कण्ह."

अण्णा कण्हले. म्हणजे म्हैस आडली तर जसा आवाज येईल तसा काढला.

"जरा हळू," आक्का दातओठ खाऊन पुटपुटली. "पहिलटकरीण हायस."

जमादार उंबऱ्याबाहेरच थबकला. त्याची मुलगीही आक्काच्याच हातची. "आक्का, अंदर क्या हो रा?" त्यानं मान फिरवून विचारलं.

"बाळंतपन हाय बाबा. आडलीया. वेळ लागंल."

आतून अण्णांनी आणखी एक किंकाळी फोडली. जमादारानं टोपी काढून छातीशी धरली, अल्लाचं नाव घेतलं आणि आमच्याकडं बघून म्हणाला, "हौसला रखो." आम्ही सातही जणांनी हौसला ठेवल्यासारखी तोंडं केली.

पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. जमादाराच्या बायकोनं बाळंतिणीसाठी गूळ, सुंठ आणि वाटीभर तूप पाठवलं आणि विचारलं, मुलगा की मुलगी? आक्का म्हणाली, मुलगी झाली, मायलेकी दोघी आजोळी गेल्या. तूप-सुंठ अण्णांनी खाल्लं. आक्का समोर बसून त्यांना खायला लावत होती. दिलेलं अन्न टाकू नये, आणि कण्हून कण्हून त्यांचा घसा बसला होता.

पुढं दिवस वाईट आले. घरं जळली, माणसं सरहद्दीपलीकडं गेली, काही परतलीच नाहीत. आमच्या कार्यकर्त्यांची नावं असलेली एकच वही होती, ती आक्काच्या धान्याच्या कणगीत असायची. झडती येणार अशी बातमी लागली त्या दिवशी तिनं मला बोलावलं. "मास्तर, वाचा." मी वाचली. साठ-बासष्ट नावं. "परत वाचा." परत वाचली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं वही माझ्या हातातून घेतली आणि चुलीत सारली. वर पाण्याचा हंडा होता. त्याच पाण्यानं तिनं नंतर एका बाळंतिणीला न्हाऊ घातलं.

मग फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि पक्ष उघड झाला. उघड झाल्याबरोबर त्यात इतकी माणसं शिरली की अण्णांना सभेत बसायला जागा मिळेना. मी तालुक्याचा चिटणीस झालो. थोड्याच महिन्यांत हैदराबादहून पत्र आलं. प्रांताच्या समितीवर प्रत्येक तालुक्यानं एक माणूस निवडून पाठवायचा, पुढच्या सगळ्या निवडणुकांची नावं त्याच माणसाच्या सल्ल्यानं ठरणार. आणि पत्राच्या तळाशी, आमच्या तालुक्यातून अमुक वकिलांचं नाव बिनविरोध यावं अशी साहेबांची इच्छा आहे.

साहेब म्हणजे पक्षाचे हैदराबादचे मोठे पुढारी. वकील आमच्याच भागातले, पण गेली कित्येक वर्षं पुण्यात आणि हैदराबादेत राहिलेले. उर्दू, इंग्रजी दोन्ही फर्डं. माणूस म्हणून वाईट असं कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणायला कुणी त्यांना ओळखतच नव्हतं.

अण्णा शिस्तीचे. पत्र वाचून झाल्यावर ते रंधा पुसत म्हणाले, "साहेबांची इच्छा असेल तर मी कशाला उभा राहू? फूट नको."

आक्का माझ्याबरोबर आली होती. ती म्हणाली, "फूट पडल्याबिगर काय बाहीर येतं का रं? कोंब तरी येतो का?"

"आक्का, पक्ष आहे तो."

"पक्ष माझा बी हाय. साहेब त्यातला पावना. पावन्याला पाट देतेत, घर न्हाय देत."

त्यानंतरचे दहा दिवस आक्का घरी दिसली नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बाळंतपणाचं गाठोडं, कारण वाटेत कुणी आडलं तर. येडशीपर्यंत ती पायी गेली. दारात उभी राहून ती भाषण करत नसे. नुसतं म्हणायची, "बुधवारी धाराशिवला यायचं. जिनिंगच्या आवारात. आईला बी घिऊन ये." आई कशाला, हे तिनं कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही.

बुधवारी कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. साहेब जीपमधून आले, सोबत वकील. मांडवात दोन माठ मांडले होते. एकाच्या गळ्याला लाल फडकं, तो अण्णांचा; आक्कानं त्यांना उभं राहायला लावलंच होतं. दुसऱ्याला पांढरं, तो वकिलांचा. प्रत्येक सभासदाला एक चिंचोका मिळणार, तो त्यानं पडद्याआड जाऊन हव्या त्या माठात टाकायचा.

पण साहेबांनी उभं राहून आधी एक नियम सांगितला. मत फक्त बंदीच्या काळातल्या जुन्या कार्यकर्त्यांना. नवे आलेले लोक मत देणार नाहीत. नियम चांगला होता, आम्हीही टाळ्या वाजवल्या. पुढचं वाक्य आलं तेव्हा टाळ्या थांबल्या. "त्यासाठी जुनी वही दाखवावी लागेल. धाराशिव शहराची वही आमच्याकडं आहे. तेर भागाची कुठं आहे?"

मी उठून म्हणालो, "जाळली. झडतीच्या भीतीनं."

"मग तेर भागाची मतं धरता येणार नाहीत. वाईट वाटतं, पण पुराव्याशिवाय मी काय करू?"

आमची माणसं उठून उभी राहिली. गलका सुरू झाला. कुणीतरी काठी आपटली. अण्णा दोन्ही हात वर करून सगळ्यांना बसवत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आक्का उठली आणि सरळ साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"वही म्या जाळली," ती म्हणाली. "जाळायच्या आधी तीनदा ऐकली. तुमी लिवून घ्या, म्या सांगते."

साहेब म्हणाले, "बाई, एवढी नावं?"

"लिवा. पयला तुकाराम, बाबू तेल्याचा. ऊठ रं तुकाराम. पायाळू. झडीच्या पावसात जल्मला. घर गळत हुतं, म्या ह्याला परातीखाली धरला. ह्यानं नाक्यावरची तार तोडली."

तुकाराम लाजत उभा राहिला. मागून हशा झाला.

"दुसरा महिबूब, पिंजाऱ्याचा. जुळ्यातला धाकटा. ह्यानं गाद्यांच्या कापसात घालून पत्रकं नेली. एक गादी चुकून पोलीस अमीनाच्या घरी गेली, तर रातीत जाऊन बदलून आला. तिसरा सिद्राम. जल्मला तवा रडलाच न्हाय. दोन चापट्या मारल्या तवा रडला. ह्यानं जेलात मार खाल्ला, पन एक नाव सांगितलं न्हाय. म्या तवाच वळखलं हुतं, ह्यो लवकर तोंड उघडनारा न्हवं."

साहेबांचा कारकून लिहीत होता. लिहिता लिहिता त्यालाच हसू आवरेना. पण साहेब गंभीर होते. दहाबारा नावं झाल्यावर ते म्हणाले, "हे सगळं तुम्ही रचून सांगत नाही कशावरून?"

आक्कानं बायकांकडं हात केला. "ह्यांच्या आया बसल्यात की तिथं. कोन कसा जल्मला ते त्यांना इचारा. येक जरी नाव खोटं निघालं तर उरलेलं बी खोटं धरा."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आक्का नाव घ्यायची, मुलगा उभा राहायचा, आणि बायकांतून त्याची आई ओरडायची, "व्हय, तसंच!" तुकारामाच्या म्हातारीनं मात्र दुरुस्ती केली. "झड न्हवती आक्का, गारा पडल्या हुत्या." आक्का म्हणाली, "व्हय गं, गाराच. लिवा, गारा." कारकुनानं गारा लिहिलं. मिशीवाले, पागोटेवाले बापई खाली मान घालून उभे, आणि सगळा मांडव त्यांच्या जन्माच्या हकिगती ऐकून पोट धरून हसतोय. वकील तर खुर्चीवर पुढं सरकून ऐकत होते.

मधेच एक जण, आक्कानं नाव घेतलं नसतानाच, उभा राहिला. आमच्याच बाजूचा, अण्णांचा शेजारी. आक्कानं त्याच्याकडं बघितलं. "तू खाली बस. तुला म्या काढलं खरं. पन त्या दिवसांत तू अमीनाच्या घरी दूध घालत हुतास. वहीत तुजं नाव न्हवतं." तो बसला. आमचं एक हक्काचं मत गेलं.

साहेबांनी तिथं चष्मा काढला आणि पुसला. उरलेली नावं त्यांनी एकही प्रश्न न विचारता लिहून घेतली.

संध्याकाळी माठ उपडे केले. लाल फडक्याच्या माठातून चिंचोक्यांचा ढीग पडला. पांढऱ्याच्यात त्याच्या निम्मेही नव्हते. आमच्या पोरांनी अण्णांना खांद्यावर घेतलं. ते वजन पेलेना म्हणून पुन्हा खाली ठेवलं आणि पायीच मिरवलं.

आठ दिवसांनी हैदराबादहून कागद आला. अण्णांना उर्दू येत नाही, इंग्रजी येत नाही, प्रांताच्या समितीत ते काय बोलणार? सबब पक्षाच्या हितासाठी निवड रद्द करून वकिलांना नेमण्यात येत आहे.

आक्काच्या अंगणात सगळे जमले. तुकारामानं पक्षाचा झेंडा आणला होता. म्हणाला, "हा परत धाडू. त्यांचा त्यांना."

आक्का तूर निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "झेंडा साहेबानं शिवला का?"

"न्हाय. शिंप्यानं."

"कापड कुनी दिलं?"

"महिबूबनं."

"काठी?"

"अण्णांनी."

"मग धाडताव कुणाचं कुणाला? खाली ठेव. मास्तर, तुमी कागद घ्या. वकिलाला लिवा, नेमलंय तर तोंड दावाया या. पंधरा दिस आमच्यात ऱ्हावा. घोड्यावर न्हाय, गाडीत न्हाय. पायी."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. पायात बूट, हातात कातडी बॅग. आक्कानं बॅग माझ्या खोलीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन निघाली. मी बरोबर होतोच. पहिल्या गावात पारावर लोक जमले, तेव्हा तिनं त्यांची ओळख करून दिली ती अशी: "हे आपल्यावर नेमलेले वकील. मानूस वाईट न्हाय. नुस्ते न इचारता आल्यात."

वकिलांचा चेहरा उतरला. दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्या गावात तेच. चौथ्या दिवशी त्यांच्या टाचा फुटल्या. आक्कानं एरंडेल लावून चिंध्या बांधल्या आणि ज्वारीच्या भाकरीवर असा ठेचा वाढला की त्यांना इंग्रजीत काहीतरी बोलावं लागलं. सहाव्या की सातव्या गावात ती तोंड उघडायच्या आत तेच पुढं झाले आणि म्हणाले, "मी न विचारता आलेला वकील." पार नुसता हसून फुटला. त्यानंतर लोक त्यांच्याजवळ येऊन बसू लागले. कुणाची जमीन दुसऱ्यानं बळकावलेली, कुणाचा भाऊ अजून तुरुंगात. वकील मांडीवर फळी घेऊन उर्दूत अर्ज लिहायचे. रोज वीस-पंचवीस. आक्का शेजारी बसून अर्जदार कसा जन्मला तेही सांगायची आणि एकदोनदा त्यांनी तेही लिहिलं असावं, असा मला संशय आहे.

सोळाव्या दिवशी साहेबांची जीप तेरला आली. हैदराबादेत बैठक होती, वकिलांना घेऊन जायचं होतं. वकील माझ्या खोलीतून बॅग घेऊन आले. पायात बूट नव्हते, महिबूबच्या वहाणा होत्या.

"साहेब," ते म्हणाले, "समितीवर अण्णा बसतील. मी त्यांच्या मागं बसेन. ते बोलतील ते उर्दूत करून सांगेन."

"वकीलसाहेब, कार्यकारिणीचा निर्णय झालेला आहे. पक्षाला काही शिस्त आहे."

"पंधरा दिवस मी गावोगाव ऐकतोय, न विचारता आलो म्हणून. शिस्त मोडायची नसेल तर तुम्ही पंधरा दिवस या. ठेचा चांगला असतो."

साहेबांनी त्या वहाणांकडं पाहिलं. मग ते आक्काकडं वळून म्हणाले, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"म्या काय म्हनू? गाडीत जागा हाय का बगा."

जागा होती. अण्णा धुतलेलं धोतर नेसून आधीच कोपऱ्यावर उभे होते, ते कुणाच्या सांगण्यावरून हे मी विचारलं नाही. साहेबांनी त्यांना पुढं, स्वतःच्या शेजारी बसवलं. वकील अजून बॅग धरून घुटमळत होते. आक्कानं भाकऱ्यांचं गाठोडं त्यांच्या छातीशी दाबलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाली, "बस की रं मागं. पाय वर घे, धूळ लागंल."

'रं' म्हणाली. मी ऐकलं. वकिलांनीही ऐकलं असावं, कारण जीप सुरू झाल्यावर ते पार वळणापर्यंत मागं बघून हसत होते. अण्णांची निवड पुढं कायम झाली आणि वकील त्यांच्या पाठीशी बसत राहिले, हे इतरांनाही ठाऊक आहे.

त्याच दिवशी दुपारी मी, जिनिंगच्या आवारात कारकुनानं लिहून माझ्याकडं दिलेल्या यादीची पक्की प्रत करायला बसलो. चिटणीस म्हणून ती हैदराबादला पाठवायची होती. तुकाराम, महिबूब, सिद्राम. खालपर्यंत आलो, पुन्हा वर गेलो. मग लेखणी खाली ठेवली.

"आक्का, यात तुमचं नाव कुठं आहे?"

ती शेवया वळत होती. "वहीत न्हवतंच. कुनी लिवलंच न्हाय."

चुलीत जायच्या आधी ती वही मी तीनदा वाचली होती. तीनदा. आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही चिंचोका टाकला नाही?"

"मला कोन देनार? आन् माझी साक्ष द्यायला आई कुटं हाय?" हे ती हसत म्हणाली. वाईट वाटल्यासारखं काही नव्हतं. मला मात्र त्या पाटावर बसवेना.

"आता लिहितो. नाव सांगा."

"आक्का."

"खरं नाव."

तिचे हात थांबले. सगळं तेर तिला आक्का म्हणायचं. नवरा तरुणपणीच गेला, माहेरचं कुणी उरलं नव्हतं. तिला जरा आठवावं लागलं. मग तिनं पदर पुढं ओढून, नव्या नवरीसारखं, हळूच नाव सांगितलं. सुंदर नाव होतं. ते तिनं मला कागदावर लिहायला सांगितलं होतं, जगाला सांगायला नाही, म्हणून इथं देत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं वर्तमानपत्र बंद झालं. "पेपर ऱ्हाऊ द्या मास्तर, यादी वाचा," ती जात्यावर बसून म्हणायची. मी पहिल्यापासून वाचायचो. शेवटचं नाव जवळ आलं की जातं हळू व्हायचं. मी ते नाव घ्यायचो, आणि माझ्या वर्गातली मुलं म्हणतात तसं, पाठ ताठ करून आक्का म्हणायची, "हजर."